दादाने गुणून केलेली संख्या

छापखान्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. एरवी सगळ्यांच्या तोंडी तो ‘भागाकार’. वयाने लहान असलेले कामगार ‘भागाकारकाका’ म्हणत, मालक खुशीत असले की ‘आमचे भागाकार’ म्हणत. बायको चिडली की म्हणे, “तुमचा तो भागाकार घाला चुलीत.” त्यात ती आकडेमोडीबद्दल बोलतेय की नवऱ्याबद्दल, हे विचारायची त्याची कधी हिंमत झाली नाही.

बेचाळीस वर्षं तो एकच काम करत आला होता. नंबर मारायचं. पावतीपुस्तकं, नाटकाची तिकिटं, दवाखान्यातली टोकनं, जे काही क्रमाने मोजायचं असेल ते छापून झालं की त्याच्या टेबलावर येई. त्याच्याकडे लोखंडाचं एक नंबरयंत्र होतं, आकड्यांची चाकं असलेलं. मूठ दाबली की कागदावर नंबर उमटायचा आणि चाक एक घर पुढे सरकायचं. खट, ४१०७. खट, ४१०८. दिवसाला हजारो वेळा. दुसरा कुणी असता तर वर्षभरात त्याला वेड लागलं असतं. यालाही लागलं, पण जरा वेगळं.

समोर आलेला प्रत्येक आकडा तो मनात तोडून बघे. ४१०७ म्हणजे तीन गुणिले १३६९, आणि १३६९ म्हणजे सदतीसचा वर्ग. झाला तुकडा. काही आकडे मात्र तुटत नसत. एकने आणि स्वतःने सोडून त्यांना कशानेच भाग जात नाही. शाळेत त्यांना मूळ संख्या म्हणतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. हा विसरला नाही. मूळ संख्या आली की तो मूठ जरा हळू दाबे. त्या तिकिटावर नाटक बघणाऱ्याला याची काही कल्पना नसे, आणि त्यामुळे नाटक काही बरं होत नसे.

हे वेड त्याला लावलं दादाने. दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा घरात एकाचंच शिक्षण होणं शक्य होतं. दादा हुशार, म्हणून दादा शिकला आणि शाळेत गणिताचा मास्तर झाला. हा सातवीनंतर छापखान्यात चिकटला. यावरून घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही, आणि न काढलेले शब्दच माणसाच्या मनात जास्त दिवस राहतात. दादा त्याला धाकट्या म्हणे, अजूनही म्हणे, धाकट्याचे केस पांढरे झाले तरी.

छापखान्यात लागल्याच्या पहिल्या वर्षी नवं नंबरयंत्र आलं. मालकांनी त्याला रद्दी कागद दिला आणि सांगितलं, एकपासून दहा हजारपर्यंत चालवून बघ, कुठे अडकतंय का. त्याने चालवलं. एका कागदावर शंभर आकडे, असे शंभर कागद. ते गठ्ठ्याने घरी आणले तेव्हा दादाचे डोळे चमकले. “अरे, हे तर घबाड आहे! यांच्यावर चाळणी लावू.” चाळणी म्हणजे दोनच्या पटीतले सगळे आकडे खोडायचे, मग तीनच्या, मग पाचच्या, सातच्या, असं करत जायचं. शेवटी न खोडलेले जे उरतील त्या मूळ संख्या. दोघं भाऊ दीड महिना जमिनीवर पालथे पडून लाल पेन्सिलीने खोडत होते. दादा पट मोजे, हा रेघ मारी. मग उरलेल्या आकड्यांची याने सुवाच्य अक्षरात एक वही केली. आयुष्यात त्याने स्वतःच्या हाताने केलेली आणि स्वतःची म्हणावी अशी ती एकच वस्तू. पुढे वही फाटली तेव्हा त्याने तीच दुसऱ्या वहीत उतरवली, पण मूळचे शंभर कागदही ट्रंकेत जपून ठेवले.

त्यानंतर दोघा भावांमध्ये एक खेळ सुरू झाला आणि चाळीस वर्षं चालला. भेटले की दादा एक संख्या द्यायचा, याने ती तोडून आणायची. वहीतल्या मूळ संख्या एकामागून एक घ्यायच्या आणि भाग घालत सुटायचं. वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे, त्यापुढे जायची गरज नसते, हेही दादानेच शिकवलेलं. संख्या तुटली की तुकडे सांगायचे, नाही तुटली तर “मूळ आहे” म्हणायचं. चाळीस वर्षांत एकदाही तो चुकला नाही. दादा चारचौघांत अभिमानाने सांगायचा, “आमच्या धाकट्याचा भागाकार चुकत नाही.” हा मान खाली घालून ऐके. आत मात्र छाती फुगलेली असे. मास्तर दादा होता, पण न चुकणारा हा होता.

दादाची बायको गेली आणि दादा मुलीकडे राहायला गेला, त्या सुमाराला त्याने एका चिठ्ठीवर एक संख्या लिहून दिली. ५,६३,४९,३१७. पाच कोटी त्रेसष्ट लाख एकोणपन्नास हजार तीनशे सतरा.

“ही जरा मोठी आहे,” दादा म्हणाला. “दम लागेल तुला.”

“दम तुला लागतो जिना चढताना. मला नाही लागत,” हा म्हणाला.

पण दम लागला. या संख्येचं वर्गमूळ साडेसात हजारांच्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या वहीत मोजून नऊशे एकोणपन्नास निघाल्या. म्हणजे तितके भागाकार, आठ आकडी संख्येचे, तेही हाताने. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही असा खेळाचा नियम होता आणि दोघंही नियमाचे पक्के. जेवणाच्या सुट्टीत तीन-चार व्हायचे, रविवारी सकाळी वीस-पंचवीस. सातने भागलं, बाकी तीन. अकराने, बाकी दोन. तेराने, बाकी अकरा. प्रत्येक बाकी तो वहीत लिहून ठेवी. बायको म्हणे, “त्या आकड्याला आता एक ताट वाढत जा. घरातलाच झालाय.” आठ महिन्यांनी तो शेवटच्या, ७४९९ पर्यंत पोचला. बाकी १८३१. संपलं.

तो दादाकडे गेला आणि म्हणाला, “तुटत नाही. मूळ आहे.”

दादा हसला. “परत बघ. मी स्वतः दोन मूळ संख्या गुणून केलीय ती. दोन्ही तपासून घेतल्या होत्या.”

“कुठल्या दोन?”

दादाला आठवेना. एका कागदावर लिहून ठेवल्या होत्या, तो कागद कुठे गेला तेही आठवेना. “हजारांच्या घरातल्या होत्या दोन्ही,” एवढंच तो पुटपुटला. मग म्हणाला, “तू असं कर, वर्गाच्या बाजूने ये. साडेसात हजारांच्या जरा वरच्या एका आकड्याचा वर्ग घे, त्यातून एक छोटा वर्ग वजा कर. येईल बघ.”

सातवी शिकलेल्या माणसाला यातलं ओ की ठो कळलं नाही, आणि कळलं नाही हे कबूल करायची तयारीही नव्हती. त्याने घरी जाऊन सगळे भागाकार पुन्हा केले, या वेळी उलट्या बाजूने, ७४९९ पासून खाली. पाच महिने लागले. बाक्या सगळ्या पहिल्यासारख्याच आल्या. एकही शून्य नाही. तेव्हा त्याला वाईट वाटलं, असं तो बायकोला म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण त्या वाईट वाटण्याखाली आणखी काहीतरी होतं. दादा चुकला होता. मास्तर चुकला होता, आणि छापखान्यातला बरोबर होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी दादाचं विसरणं वाढलं. दोनदा गॅस उघडा राहिला. एकदा कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेला तो दोन तासांनी भलत्याच रस्त्यावर सापडला. पुतणी बिचारी एकटी कमावती, दिवसभर कामावर. वडिलांना कुलूप लावून जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं आणि न लावून जायचं म्हणजे जीव टांगणीला. शेवटी ती त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि सोबतीला काकांना बोलावलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, घाई न करणाऱ्या होत्या. त्यांनी दादाला वार विचारला, महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काही जमलं, काही नाही. मग म्हणाल्या, “आजोबा, हल्ली वेळ कसा घालवता?”

दादाने संख्येची गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्याचा चेहरा उजळला. “पाच कोटी त्रेसष्ट लाख एकोणपन्नास हजार तीनशे सतरा. मी केलीय ती. दोन वर्गांच्या वजाबाकीतून बघा, लगेच दिसेल.”

“ते अवयव कोणते, आजोबा?”

“ते... ते हरवलेत. पण आहेत.” मग तो याच्याकडे वळला. “हा माझा धाकटा भाऊ. त्याला विचारा. त्याचा भागाकार चुकत नाही.”

डॉक्टर बाईंनी दादाला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं. मग दोघांना म्हणाल्या, “गोष्टी विसरणं वेगळं, आणि जे घडलंच नाही ते घडलं म्हणून ठासून सांगणं वेगळं. नुसतं विसरणं असेल तर घरी ठेवता येईल, दिवसा एखादी बाई ठेवा. पण मनाने गोष्टी रचत असतील तर घरी एकटं ठेवणं धोक्याचं आहे. ती संख्या खरंच ते म्हणतात तशी आहे का?”

पुतणीने काकांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला स्पष्ट दिसलं. ‘हो’ म्हणा, असंच होतं.

माणसाच्या आयुष्यात अशी एखादी वेळ येते की तेव्हा ‘मला नक्की माहीत नाही’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चार शब्द. पण बेचाळीस वर्षांत त्याला कुणी कुठल्या खोलीत बोलावून असं मत विचारलं नव्हतं. तो ताठ बसला आणि म्हणाला, “नाही. मी दोनदा तपासलीय, वरून आणि खालून. ती मूळ संख्या आहे. दादा म्हणतो तसं काही नाही.”

डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात दादाला गावाबाहेरच्या देखभाल केंद्रात ठेवलं. जाताना दादा रडला नाही, भांडला. “धाकट्या, तू परत बघ,” एवढंच गाडीत बसेपर्यंत म्हणत राहिला. याने मान डोलावली. परत काही बघितलं नाही. दोनदा झालं होतं की.

सुरुवातीला तो दर बुधवारी भेटायला जाई. दादा त्याच्याशी कमी बोलू लागला. संख्या निघाली की तिथली परिचारिका म्हणे, “आजोबा, परत तेच का?” आणि दादा गप्प होई. हळूहळू संख्या निघायची थांबली. याने घरी येऊन बायकोला सांगितलं, “सुधारतोय म्हणायचं.” बायकोने नुसती भांडी जरा जोरात ठेवली.

असे दहा महिने गेले. मग एका मंगळवारी छापखान्यात दवाखान्याच्या टोकनांचं काम चालू होतं. खट, खट, खट, आणि यंत्र अडकलं. आतली स्प्रिंग निसटली होती. नवी आणायला माणूस गेला आणि हा अडकलेल्या आकड्याकडे बघत बसला. ६८४१.

सवय ती सवय. तो तोडू लागला. तीनने नाही. सातने बाकी दोन. अकराने बाकी दहा. तेराने तीन. एकोणीसने एक. तेवीस, एकोणतीस, एकतीस, कशानेच नाही. त्र्याहत्तरने बावन्न, एकोणऐंशीने सत्तेचाळीस. बावीस भागाकार झाले आणि त्र्याऐंशीचा वर्ग पुढे निघून गेला. म्हणजे ६८४१ मूळ. त्याने खिशातली वही काढली, नुसती खात्री करायला. ६८३३, आणि त्याच्यानंतर लगेच ६८५७. मधे काही नव्हतं.

त्याने पुन्हा भागलं, कागदावर, एकेक आकडा नीट मांडून. भाग कशानेच जाईना. मालकांना म्हणाला, “मला बरं वाटत नाही,” आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच दुपारी घरी गेला.

ट्रंकेतून त्याने शंभर कागद काढले. अडुसष्टशेचा कागद पिवळा पडला होता. ६८४१ वर लाल रेघ होती. पण त्या रेघेखालचा आकडा पुसटलेला होता. शाई फासली गेली होती, चार आणि एक एकमेकांत मिसळले होते. ते पाहिल्याबरोबर त्याला सगळं समजलं. छापखान्यात नियम असतो. नंबर फासला गेला, चाक अर्धवट फिरलं, तर त्या नंबरावर लाल रेघ मारायची. बाद. पहिल्याच आठवड्यात हाताला लागलेली ती सवय. यंत्र चालवतानाच त्याने ६८४१ वर रेघ मारली होती, तो वाईट उमटला म्हणून. मग घरी येऊन त्याच पेन्सिलीने दोघांनी चाळणी लावली. आणि खोडलेल्या आकड्यांत एक असा बसला की ज्याला भाग कशानेच जात नव्हता, तो फक्त नीट छापला गेला नव्हता.

तो खाली बसला आणि नऊशे पन्नासावा भागाकार मांडला. ५६३४९ मध्ये ६८४१ आठ वेळा. उरले १६२१. तीन खाली घेतला, दोन वेळा. एक खाली घेतला, तीन वेळा. शेवटचा सात खाली घेतला तेव्हा ४७८८७ झाले. ६८४१ सत्ते ४७८८७. बाकी शून्य.

८२३७. तोही मूळ निघाला. दोघांच्या बरोबर मधे ७५३९, दोघांपासून सारख्याच अंतरावर, ६९८ वर. त्याने ७५३९ चा वर्ग केला, ६९८ चा वर्ग केला, एकातून दुसरा वजा केला. पाच कोटी त्रेसष्ट लाख एकोणपन्नास हजार तीनशे सतरा. साडेसात हजारांच्या जरा वरच्या आकड्याचा वर्ग. दादाने रस्ता सांगितला होता. वर्गमुळापासून एकेक पाऊल वर चढत, प्रत्येक वर्गातून ही संख्या वजा करून उरतो तो वर्गच आहे का एवढं बघत गेला असता तर तेहतीस पावलांत पोचला असता. तेहतीस! याने त्यासाठी दोन वेळा नऊशे एकोणपन्नास भागाकार केले आणि भावाला घराबाहेर काढलं.

बायको संध्याकाळी आली तेव्हा तो कागदांच्या मधे बसला होता. तिने काही विचारायच्या आत तो म्हणाला, “दादा बरोबर होता.” आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बायको शेजारी बसली. पहिल्यांदाच तिने त्या आकड्यांना नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पुतणीच्या दारात उभा राहिला. तिने सगळं ऐकलं. “काका, गॅस तर खरंच उघडा राहिला होता,” ती म्हणाली. “ते आकड्याने बदलत नाही. पण तुम्ही तेव्हा तसं सांगितलं नसतं, तर मी त्यांना पाठवलं नसतं. हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे, पोरी.”

“मग चला. डॉक्टर बाई आज तिथे येतात. मी फोन करते.” तिने डोळे पुसले. “त्या म्हणाल्या पुन्हा तपासू, तर मी बाबांना आजच घरी आणते. दिवसाची बाई मी बघते.”

केंद्राच्या लांबलचक व्हरांड्यात दादा खिडकीशी बसला होता. बारीक झाला होता. शर्टाची बटणं वरपर्यंत नीट लावलेली होती, आणि ती कुणी दुसऱ्याने लावलीयत हे दिसत होतं. धाकट्याला बघून तो थोडा हसला. पुतणी डॉक्टर बाईंना बोलवायला आत गेली.

हा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि कागद पुढे धरला. “दादा, सापडले. ६८४१ आणि ८२३७. वहीतच चूक होती माझ्या. एक आकडा शाई फासली म्हणून बाद केला होता मी, तोच होता. तू म्हणत होतास ते सगळं खरं होतं. वर्गांचं पण खरं होतं.”

दादाने कागद घेतला. त्याचे ओठ हलू लागले. बोट आकड्यांवरून फिरू लागलं, शाळेत फळ्यावरून फिरायचं तसं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याच्या डोळ्यांत जुना दादा आला. याच्या जिवात जीव आला. मग व्हरांड्याच्या टोकाला दार उघडलं, पावलं वाजली, आणि दादाने कागदाची घडी करून ती मांडीखाली सरकवली.

डॉक्टर बाई आल्या, पुतणी त्यांच्या मागे. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. “आजोबा, तुमच्या मुलीने मला सगळं सांगितलंय. तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला. ती तुमची संख्या, ती तुटते का?”

“नाही,” दादा म्हणाला.

“दादा!” हा ओरडला.

“नाही तुटत. मूळ संख्या आहे ती,” दादा सावकाश, पाठ केल्यासारखा म्हणाला. “मी गुणून वगैरे केली नव्हती. तसं मला वाटायचं. आता नाही वाटत. किती महिने झाले, नाही वाटत. परिचारिकेला विचारा, मी बोलतसुद्धा नाही त्याबद्दल.”

“बाबा, अहो, ती खरंच तुटते,” पुतणी म्हणाली. “काकांनीच शोधलंय. तुम्ही बरोबर होता. घाबरू नका, खरं सांगा.”

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग बाईंच्या हातातल्या वहीकडे. त्या नजरेचा अर्थ धाकट्याला बरोबर कळला. आपली परीक्षा घेताहेत असं वाटणारा माणूस असाच बघतो. “खरंच सांगतोय,” दादा म्हणाला. “ती तुटते म्हणत होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला इथे आणलंत. आता मी चुकीचं काही बोलत नाही. मला घरी जायचंय.”

बाईंनी फोन काढला, दोन्ही संख्या गुणल्या आणि पडदा दादापुढे धरला. “हे बघा आजोबा. ६८४१ गुणिले ८२३७. हीच तुमची संख्या आली ना?”

दादाने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याने मान जोरजोरात हलवली. “मूळ आहे ती. मूळ आहे.”

बाईंनी फोन खाली ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख खरं होतं. पण गणिताचा मास्तर डोळ्यांसमोरचा गुणाकार मानत नाही, याचा त्यांच्या शास्त्रात एकच अर्थ होतो. “तेव्हा काय होतं ते आता सांगता येणार नाही,” त्या पुतणीला हळू आवाजात म्हणाल्या. “पण आज तरी मी यांना घरी न्या म्हणू शकत नाही.” आणि त्यांनी वहीत लिहायला घेतलं. पुतणी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली.

धाकट्याला ओरडून सांगायचं होतं, की हा भ्रम नाही, ही भीती आहे, आणि ती मी घातलीय त्याच्या मनात. त्याने सांगितलंही, अडखळत, दोन-तीन वाक्यांत. बाईंनी ऐकून घेतलं आणि समजुतीने मान हलवली. अकरा महिन्यांपूर्वी दादाचं बोलणं ऐकताना हलवली होती तशीच.

त्या दोघी आत गेल्या. दादाने इकडे तिकडे पाहिलं, धाकट्याच्या बाहीला धरून त्याला जवळ ओढलं आणि कुजबुजला, “बरोबर सांगितलं ना रे मी?”

चाळीस वर्षांत त्याने दादाला जाणूनबुजून एकही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं.

“बरोबर सांगितलंस, दादा,” तो म्हणाला.